मान उजवीकडे

तालीम उशीवर झाली.

संध्याकाळचा चहा झाला, कपबशा विसळून झाल्या, आणि थोरल्या दिरांनी सोफ्यावरची एक उशी उचलून तिला टॉवेल गुंडाळला. टोकं नीट आत खोचली. मग ती उशी त्यांनी धाकटीपुढे, धाकट्या भावाच्या बायकोपुढे, धरली, दुकानदार कापड दाखवतो तशी.

"घे. ठेव पाळण्यात."

थोरल्या दिरांना घरात सगळे वकील म्हणत. तरुणपणी वर्षभर कायदा शिकले आणि मग विम्याच्या कचेरीत चिकटले. शिक्षण सुटलं, तोंडातला कायदा काही सुटला नाही. भाजीवालीशी घासाघीस करतानासुद्धा "माझं म्हणणं असं आहे" अशी सुरुवात. लोकांचे जबाब वाचून खोटे दावे पकडण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे खरा जबाब कसा दिसतो याबद्दल त्यांच्या मनात शंका म्हणून नव्हती.

"चौकशीची बाई येताना बाहुली घेऊन येते," ते म्हणाले. "आमच्या कचेरीतल्या एकाच्या मेहुण्याकडे आली होती. बाहुली हातात देते आणि म्हणते, करून दाखवा. एकेकाला वेगळं बोलावते. माणसं घसरतात ती तिथेच."

घसरण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं नाही. सासूबाई सोफ्याच्या कोपऱ्यात आपल्या गुडघ्यांकडे बघत बसल्या होत्या. नवरा दाराला टेकून उभा होता. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान खालीच रस्त्यावर, आणि बाळ गेलं त्या दिवसापासून तो घरात असा उभाच असायचा, कुठल्याही क्षणी खालून हाक येईल आणि सुटका होईल अशा आशेनं.

"पाळण्यात कुणी ठेवलं त्याला?" वकिलांनी विचारलं.

"मी," धाकटी म्हणाली.

"शाबास. आणि आई?"

"आई स्वयंपाकघरात होत्या."

"झालं. ठेवलं, पोर झोपलं, तू आत जाऊन आडवी झालीस. सरळ गोष्ट. त्यात म्हातारीला आणलंस की बाईचे प्रश्न सुरू. वय काय, गोळ्या कसल्या घेता, गोळीनं डोळा लागतो का. शिवाय तुझंच नाव वाईट. दिवसाढवळ्या आई घोरतेय आणि तान्हं पोर म्हातारीच्या गळ्यात. तसं लिहून आलं तर बरं दिसेल?"

धाकटीनं उशी पाळण्यात ठेवली.

"मान उजवीकडे," वकील म्हणाले. "उजवीकडे म्हणजे खिडकीकडे. डावा हात कानाशी. पांघरूण काखेखाली दुमडून. आता तू." हे नवऱ्याला. "तू वर धावत आलास तेव्हा कसा होता?"

उशीला मान नव्हती आणि हातही नव्हते. नवऱ्यानं ती उचलली आणि उलटी ठेवली.

"अरे, दुकानात लोकांच्या काचा बदलतोस ना? तेवढं लक्ष इथे दे. मान उजवीकडे."

त्यानं पुन्हा ठेवली. सासूबाईंनी ठेवली. तिघांचं सारखं होईपर्यंत वकिलांनी सोडलं नाही. मग टॉवेल काढून त्यांनी उशी जागेवर ठेवली, वर एक थापटी मारून फुगवली, आणि समोरच्या दारी, आपल्या घरी निघून गेले. तिकडे थोरली जाऊ पाय वर करून पडली होती. तिचे दिवस भरत आले होते.

आता खरं काय ते सांगायला हवं. बाळाचं नाव अजून ठरलं नव्हतं, घरात त्याला मुंगळा म्हणत. म्हणत कसले, तो होताच मुंगळा. अंगाला चिकटला की चिकटला. खांद्यावर, पोटावर, मांडीवर, कुठंही झोपेल, खाली माणूस हवं. पाळण्यात पाठ टेकली की निखाऱ्यावर ठेवल्यासारखा किंचाळायचा. पाळणा चांगला शिसवी, खिडकीशी टांगलेला, त्यात बहुतेक वेळ धुतलेली दुपटी पडलेली असत. रात्र रात्र धाकटी त्याला छातीवर घेऊन खोलीत येरझाऱ्या घालायची. भिंतीला टेकून उभ्या उभ्या पेंगायची आणि गुडघे दुमडले की दचकून जागी व्हायची.

त्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या होत्या, "दे इकडे. जा, पड घटकाभर. आरशात बघ तोंड, भूत दिसतेस."

तिनं दिलं. सोफ्यावर बसलेल्या सासूच्या पुढ्यात दिलं. तो पटकन तिकडे चिकटला म्हणून तिला थोडा हेवासुद्धा वाटला. मग आत जाऊन ती पडली ती दगडासारखी. जागी झाली ती सासूच्या ओरडण्यानं. बाहेर आली तर सासू पाळण्याशी उभी, आणि तो पाळण्यात. उताणा, मान उजवीकडे.

तिला तेव्हाच कळलं होतं. तो पाळण्यात झोपणं शक्य नाही, हे त्या घरातल्या मांजरालासुद्धा सांगता आलं असतं. पण कळलं त्याच क्षणी तिनं ते झाकून टाकलं. सोफा म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, आई कुठे होती. आई झोपली होती.

त्यानंतर मात्र ती रोज स्वतःच्या जिवाला खात होती. दूध बाधलं का? लस? पंखा? सकाळी एकदा शिंकला होता, तेव्हाच दवाखान्यात न्यायला हवं होतं का? तिला कुणाला फासावर चढवायचं नव्हतं. कशानं गेला, एवढंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई आली. घरानं कुणी करारी, चष्म्यावरून बघणारी बाई मनात धरली होती. आली ती एक दमलेली, जरा स्थूल बाई, लिफ्ट बंद असल्यानं धापा टाकत. आधी पाणी मागितलं. हातात चेनची कापडी पिशवी, भाजी आणायला नेतात तसली.

"मी पोलीस नाही," पाणी पिऊन ती म्हणाली. "त्यांचं त्यांच्याकडे. मी सरकारी रुग्णालयातून येते. तुमच्या बाळाची आतली सगळी तपासणी झाली. हृदय, फुप्फुसं, रक्त, काही म्हणजे काही दोष निघाला नाही. अशा वेळी मला पाठवतात. बाळात कारण सापडलं नाही की ते जिथे झोपलं होतं ती जागा बघायची."

"बघा ना," वकील म्हणाले. त्यांनी मुद्दाम रजा टाकली होती. "आमचं लपवण्यासारखं काही नाही."

"असं मला प्रत्येक घरात सांगतात," बाई सहज म्हणाली. "खरं दाखवलंत तर काय झालं ते कदाचित मला सांगता येईल. कदाचित, हं. पुष्कळदा तरीही येत नाही. पण वेगळं दाखवलंत, तर मग ते कुणालाच कधी कळणार नाही." तिची नजर दारातल्या थोरलीच्या पोटाकडे गेली. "आणि इथे अजून एक पाहुणा यायचाय."

थोरलीनं ओढणी पुढे घेतली.

मग बाई कामाला लागली. पाळण्यातली गादी तळव्यानं दाबून पाहिली. पांघरुणाचा कपडा नाकाला लावून त्यातून श्वास घेऊन पाहिला. खिडकी उघडली, लावली. बाळाच्या अंगात काय होतं, टोपडं होतं का, शेवटचं दूध कधी घेतलं, घरात कुणाला कसल्या गोळ्या चालू आहेत, सिगरेट कोण ओढतं. "गॅलरीत," वकील म्हणाले, "कधीतरी." जाता जाता तिनं सोफ्याची बैठकही दाबली. मधला भाग खोल गेला. पाठ आणि बैठक यांच्या फटीत तिचा हात मनगटापर्यंत गेला. तो तिनं काढून घेतला आणि पिशवीकडे वळली.

त्यानंतर पिशवीतून बाहुली निघाली. कापडाची, आत वाळू भरलेली, वजनाला तान्ह्या मुलाएवढी. तिला नाक नव्हतं, डोळे नव्हते. मान मात्र होती, आणि ती कुठेही वळत होती.

आधी नवऱ्याला बोलावलं, मग सासूबाईंना. दोघंही लवकर बाहेर आले. सासूबाईंनी नळाखाली हात धुतले आणि धाकटीकडे न बघता म्हणाल्या, "जा."

धाकटीनं बाहुली घेतली आणि शिकवल्याप्रमाणे पाळण्यात ठेवली. मान उजवीकडे. डावा हात कानाशी. पांघरूण काखेखाली. बाईनं फोटो काढला, कॅमेरा बंद केला आणि स्टूल ओढून बसली.

"मी हे काम पुष्कळ वर्षं करते," ती म्हणाली. "बाळ कसं होतं, हे नवरा-बायको कधी सारखं दाखवत नाहीत. घाबरलेल्या माणसाला नीट आठवतच नाही. हात वर होता की खाली, यावरून माझ्यासमोर भांडतात. तुमच्याकडे तिघांनी मान खिडकीकडे केली. तिघांनी तोच हात कानाशी नेला. पांघरुणाची घडीसुद्धा तीच." तिनं कॅमेरा पिशवीत टाकला. "शिकवलं कुणी ते मी विचारत नाही."

बाहेर वकिलांच्या चपला गॅलरीत फिरत होत्या.

"पाळणा राहू द्या," बाई म्हणाली. "ही घ्या परत. तुम्ही त्याला झोपवायचात कसं, तेवढंच दाखवा."

धाकटीनं बाहुली उचलली. सवयीनं तिचा डावा हात खाली गेला, उजवा पाठीवर आला, आणि ते बिनचेहऱ्याचं डोकं तिच्या गळ्याखालच्या खळग्यात बसलं. वजन बरोबर तेवढंच होतं. ती हलायला लागली, या पायावरून त्या पायावर. आणि छातीत कळ आली, ओळखीची, झिणझिणी येते तशी. दूध उतरलं. डॉक्टरांनी आटायच्या गोळ्या दिल्या होत्या, कपडा घट्ट बांधायला सांगितला होता, आणि आता वाळूसाठी दूध उतरलं होतं. कुर्त्यावर दोन ओले गोल उमटले. तिनं ते बाहुलीनं झाकले.

"पाळण्यात तो झोपायचाच नाही," ती म्हणाली. "एकही दिवस नाही झोपला."

"मग?"

"अंगावर."

"त्या दिवशी कुणाच्या?"

"मी आईंकडे दिला. सोफ्यावर. मी पाळण्यात ठेवलाच नाही. मी झोपले होते."

बोलून झाल्यावर तिला वाटलं होतं की काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. बाईनं फक्त मान हलवली, तिच्या खांद्यावरची ओढणी पुढे ओढून दिली आणि सासूबाईंना परत बोलावलं. त्यांच्यामागून बाकीचेही आलेच.

"आजी, सूनबाई म्हणतात बाळ तुमच्याकडे होतं. सोफ्यावर. तुम्ही सकाळची गोळी घेतली होती. डोळा लागला असेल तर तो काही गुन्हा नाही. मी कुणाला शिक्षा करायला आलेली नाही. फक्त दाखवा मला, तो कसा होता."

तिनं बाहुली पुढे केली. सासूबाईंचे हात वर आले. अर्धे वर आले. धाकटीनं ते नीट पाहिले, सुजलेल्या सांध्यांचे, पीठ मळून मळून रुंद झालेले हात. मुंगळ्याला पहिली अंघोळ त्यांनीच घातली होती, धाकटीला धीर झाला नव्हता म्हणून.

"आई," वकील म्हणाले.

हात खाली गेले.

"मी स्वयंपाकघरात होते," सासूबाई म्हणाल्या. "हिनंच ठेवला पाळण्यात."

"बाळंतिणीच्या डोक्यावर परिणाम होतो," वकील बाईला समजावू लागले. "माझं म्हणणं असं आहे, की पहिला जबाब धरावा."

धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा मुंगळा पाळण्यात झोपायचा नाही हे त्याला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणणार? पहाटेच्या कितीतरी फेऱ्या त्यानं खांद्यावर घेऊन मारल्या होत्या.

"मी नव्हतो घरात," तो म्हणाला. "मी दुकानात होतो."

बोलला ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

बाई निघाली तेव्हा धाकटी जिन्यापर्यंत गेली. "तुम्हाला तर कळलंय," ती हळूच म्हणाली. "सोफ्यात हात घालून पाहिलंत तुम्ही."

"मला वाटतं ते अहवालात लिहिता येत नाही हो. जे दाखवलं जातं तेच लिहावं लागतं. आजींना कधी सांगावंसं वाटलं तर फोन करायला सांगा. अहवाल जाईपर्यंत." दोन पायऱ्या उतरून ती वळली. "छातीला गरम कपड्यानं शेका. गाठी होतात नाहीतर."

अहवाल आला तो वकिलांनी जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचला. मृत्यूचं कारण निश्चित करता आलं नाही. झोपेच्या जागेविषयी कुटुंबीयांच्या सांगण्यात विसंगती आहे. आईने आपला जबाब बदलला.

"हे शेवटचं वाक्य बघ," कागद तिच्यापुढे सरकवून ते म्हणाले. "सगळ्या कागदात एकाच माणसाचं नाव वाईट झालं. आणि ते मी केलं नाही. मी तर झाकत होतो."

रात्री नवऱ्यानं विचारलं, "काय मिळवलंस सांग." तो खरंच विचारत होता, टोमणा नव्हता. खरं सांगून कारण कळणार होतं. खरं सांगितलं तिनं एकटीनंच, आणि एकटीचं खरं म्हणजे विसंगती.

घरात कुणी भांडलं नाही. तिच्यापुढे ताट येई, पण वाढताना कुणी "घे अजून" म्हणत नसे. सासूबाई तिच्याशी भिंतीकडे बघून बोलत. "दूधवाल्याला उद्या नको सांगा कुणीतरी." कुणीतरी म्हणजे ती.

थोरलीला मुलगी झाली. पाळणा चांगला आहे, नवा कशाला, असं वकील म्हणाले. तो तिथेच खिडकीशी राहिला आणि मुलगी रोज दुपारी इकडे येऊ लागली. सुरुवातीला थोरली तिच्याजवळून हलत नसे. एक दिवस तिला केस धुवायचे होते. ती दुपट्यात गुंडाळलेली पोर घेऊन आली आणि सोफ्यावर बसलेल्या सासूपुढे धरली.

"घ्या हो आई, जरा. आलेच मी."

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. पोर घ्यायला नव्हे. सोफ्यापासून दूर झाल्या, हात पाठीमागे घेतले.

"पाळण्यात ठेव."

"पाळण्यात रडते हो ती. तुमच्या अंगावर गप पडेल."

"रडू दे. उताणी ठेव. ते पांघरूण काढ, गरम होतंय."

थोरलीनं धाकटीकडे मान वळवली. "बघ काय करून ठेवलंस म्हातारीचं. सख्ख्या नातीला हात लावायला भितात आता."

धाकटीचे हात आपोआप पुढे झाले होते. थोरलीनं ते पाहिले, जरा वेळ पाहिले, आणि पोरीला पाळण्यात ठेवून ती समोरच्या दारी गेली.

मुलगी रडायला लागली. चांगलं दणदणीत, शेजारपाजार जागा करील असं. सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या, पिठाच्या परातीत त्यांचे हात धपाधप पडू लागले. धाकटी सोफ्यावर बसली नाही. पाळण्याच्या बाजूला खाली फरशीवर बसली. तिच्या छातीतून काही आलं नाही. तिथलं सगळं कधीच आटलं होतं.

मग रडणं थांबलं.

धाकटी उठून वाकली तोवर सासूबाईही येऊन पोचल्या होत्या. त्या गुडघ्यांनी त्या इतक्या चटकन कशा आल्या, कळेना. पाळण्यावर दोघींची डोकी एकमेकींना आपटली. पोरीला मूठ सापडली होती. ती उघड्या डोळ्यांनी मूठ चोखत होती, आणि वर आलेल्या दोन तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती.

सासूबाईंच्या बोटांचं पीठ पाळण्याच्या कडेला लागलं.

"मान कुठं होती त्याची?" धाकटीनं विचारलं.

समोरच्या घरातून बादलीचा आवाज आला. सासूबाई पोरीकडे बघत होत्या. धाकटीला वाटलं, आता भिंतीकडे वळतील आणि पिठाचं काहीतरी बोलतील.

"माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "माझ्यात." पिठाचा हात त्यांनी आपल्याच काखेजवळ, पोटाच्या वळीशी नेला आणि तिथे धरला. "मला वाटलं, पितोय कापड. मला वाटलं, गरम आहे म्हणजे..."

मग तो हात त्यांनी पदराला पुसला.

बाईचा नंबर धाकटीच्या फोनमध्ये अजून होता. अहवाल जाईपर्यंत, ती म्हणाली होती. अहवाल जाऊन, येऊन, वाचून, वकिलांच्या कपाटात बंद झाला होता.

"हे त्या बाईला दाखवायचं होतं," धाकटी म्हणाली.

सासूबाईंनी पांघरूण पोरीच्या पायांपाशीही ठेवलं नाही, घडी करून खिडकीत टाकलं. थोरली ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून दारात आली. "झोपली का?" तिनं विचारलं. "कुणी घेतली होती?"

"कुणी नाही," सासूबाई म्हणाल्या आणि कणकेकडे परत गेल्या.